आईची पिशवी काढली तेव्हा सोबत काय काय गेलं? (इस्ट्रोजेन आणि मेंदू)

जवसफूल | सोमवार, रात्री ९:४७

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यातच आठवडा गेला.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. आई ५४ वर्षांची. दिवाळीपासून तिचं विसरणं वाढलंय. वरणात दोनदा मीठ पडलं, गॅसवर दूध उतू गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण परवा कापूस वेचणीच्या बाया काट्यावर, म्हणजे वजन करायला आल्या. आमच्याकडे वीस वर्षं काटा आईच करते. वही नाही, पेन नाही, पंधरा बायांचे किलो तोंडपाठ, शनिवारी चुकारा करताना रुपयाचा फरक नसतो. परवा तिनं एका बाईला किलो विचारले, "अठरा" ऐकलं, पुढच्या गाठोड्याकडे वळली आणि परत त्याच बाईला विचारलं. मग तिसऱ्यांदा. बाया चूप. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी वही काढली.

आईची पिशवी ३४ व्या वर्षी काढली. मी तेव्हा चौथीत. पाळी तेव्हाच गेली, पाठोपाठ अंगातून वाफा निघणं सुरू झालं. भर थंडीत ओसरीत उघडी झोपायची ते मला आठवतं.

आता कुठेतरी वाचलं की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक मेंदूच्या पेशींना मरण्यापासून वाचवतं. हे खरं आहे का? आईच्या विसरण्याचा त्या ऑपरेशनशी संबंध असेल का? आणि आता गोळी सुरू केली तर गेलेलं परत येतं का? घरी कोणाला विचारावं तर "वय झालं" म्हणतात. ५४ हे वय आहे का?

बोंडअळी | सोमवार, रात्री १०:०५

ताई, वरणात दोनदा मीठ म्हंजे बिमारी असन तं आमच्या घरचे सारेच बिमार. मी सोता काल डवरा वावरात ठेवून घरी आलो अन् रातभर गोठ्यात पाहत होतो.

पण काट्याचं वाचून बरं नाई वाटलं. माही बुढी बी असाच काटा करे. डॉक्टरले दाखवा, आंगावर काढू नोका.

पेशीनामा | सोमवार, रात्री ११:३०

मी औषधशास्त्रातला माणूस, मूळ हिंगणघाटचा. पीएचडीची साडेपाच वर्षं उंदरांच्या मेंदूचे काप करण्यात गेली, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे. डॉक्टर मात्र नाही, गोळ्यांचं मला विचारू नका.

आधी एक खुलासा. इस्ट्रोजेन पिशवीत बनत नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय, ते या संप्रेरकाचं गिऱ्हाईक आहे. कारखाना म्हणजे दोन बाजूंची दोन अंडाशयं. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं जागेवर ठेवली, तर पाळी बंद होते पण इस्ट्रोजेन चालू राहतं. दोन्ही अंडाशयंही काढली, तर पस्तिशीच्या बाईचं इस्ट्रोजेन एकदोन दिवसांत तळाला जातं. नैसर्गिक पाळी जाते तेव्हा हाच उतार काही वर्षं चालतो. आईला लगेच वाफा आल्या म्हणता, म्हणून शंका येते. पण शंकेवर बोलू नये. ऑपरेशनचा कागद शोधा. काय काय काढलं, ते त्याच्यावर लिहिलेलं असतं.

पेशी मरण्याबद्दल उद्या लिहितो, ते दोन ओळींत होणार नाही.

जवसफूल | मंगळवार, सकाळी ६:५०

मी शाळेत प्रजननसंस्था शिकवते आणि हा फरक आईच्या बाबतीत एकदाही डोक्यात आला नाही. आमच्याकडे सगळेच "पिशवी काढली" म्हणतात, त्या एका शब्दात सगळं येतं. कागद आईच्या लोखंडी पेटीत असेल. शोधते.

पेशीनामा | मंगळवार, रात्री ९:१५

लकव्याचं उदाहरण घेतो, कारण सगळ्यात जास्त प्रयोग त्यावर झालेत.

मेंदूच्या एका भागाचं रक्त अडलं की तिथल्या पेशी काही मिनिटांत उपाशी पडतात आणि त्यांच्यातून ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं. एरवी हे रसायन निरोप्याचं काम करतं. पण असं लोंढ्यानं आलं की शेजारच्या पेशींची दारं उघडीच राहतात आणि आत कॅल्शियम घुसतं. ते मायटोकॉन्ड्रियाला झेपत नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची डीपी, शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो तसा, समजा. डीपी फुटली की तिच्यातून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन गळतं, त्यानं कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात, आणि ती पेशीला आतून कापत सुटतात. पेशी शिस्तीत स्वतःला मोडून घेते. या मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं.

अगदी मधल्या पेशी लवकर जातात, त्यांना कोणी वाचवू शकत नाही. कडेच्या पट्ट्यातल्या मात्र काही तास, कधी काही दिवस, काठावर असतात. इस्ट्रोजेनची करामत या कडेच्या पट्ट्यात दिसते.

इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेनमधलं सगळ्यात जोरकस. ते पेशीत शिरून आपल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला चिकटतं. ग्राही मुख्यतः दोन, अल्फा आणि बीटा. बीटाचा तर १९९६ पर्यंत पत्ताच नव्हता. ग्राहीला चिकटल्यावर पेशीच्या केंद्रकातली काही जनुकं चालू होतात, त्यातलं एक बीसीएल-२ नावाचं प्रथिन बनवतं. हे प्रथिन डीपीच्या भिंतीवर बसतं आणि सायटोक्रोम-सी गळू देत नाही. म्हणजे कॅस्पेजच्या कात्र्या म्यानातच राहतात. याशिवाय इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल ठेवतं, मेंदूतल्या पहारेकरी पेशींचा चिडका स्वभाव जरा शांत करतं, आणि बीडीएनएफ नावाचं पेशींचं खत वाढवतं. त्याच्या रेणूत एक फिनॉलचं कडं आहे, ते थेट गंजरोधकासारखंही वागतं, पण त्याला लागणारी मात्रा शरीरात एरवी असते त्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून त्या कड्याचं कौतुक मी फार करत नाही.

आता प्रयोग. १९९७ मध्ये फ्लोरिडात सिम्पकिन्स यांच्या गटानं अंडाशयं काढलेल्या माद्या-उंदरांच्या मेंदूची मधली धमनी बंद केली. ज्यांना इस्ट्रोजेन दिलं होतं त्यांच्या मेंदूचा मेलेला भाग लहान निघाला. पुढच्याच वर्षी केंटकीत फिलिस वाइज आणि दीना दुबल यांनी तेच फार कमी मात्रेत करून दाखवलं, मादीच्या अंगात एरवी असते तेवढ्याच. आणि त्यात एक गोष्ट निघाली जी मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. इस्ट्रॅडिओल आठवडाभर आधीपासून अंगात असेल तरच फायदा. धमनी बंद करताना टोचलं तर नाही. शिवाय वाचला तो वरचा थर, कॉर्टेक्स. आतला खोल भाग वाचला नाही. २००१ मध्ये त्यांनीच अल्फा ग्राही नसलेले उंदीर घेतले, तर संरक्षण गायब. बीटा नसलेल्यांत ते शाबूत होतं.

बोंडअळी | मंगळवार, रात्री ९:४०

डीपीचं लगेच समजलं भाऊ. आमच्या शिवारातली डीपी तीनदा जळाली यंदा, बीसीएल-२ बसवाले सांगतो लाइनमनले.

पण एक सांगा. हे सारं बायाईचं झालं. माणसाईच्या मेंदूले वाली कोन?

पेशीनामा | मंगळवार, रात्री १०:२०

😄 तुमचाही मेंदू इस्ट्रोजेनवरच चालतो. मेंदूत ॲरोमाटेज नावाचं विकर आहे, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिओल करतं. हे नॅफ्टोलिन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन म्हातारपणापर्यंत टिकून असतं, त्यामुळे मेंदूला कच्चा माल मिळत राहतो. साठीतल्या पुरुषाच्या रक्तात त्याच वयाच्या बाईपेक्षा जास्त इस्ट्रॅडिओल असतं. याच्यावर पैज लावा गावात, जिंकाल.

आणखी एक. मेंदूला मार लागला की ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशी, ज्या एरवी ॲरोमाटेज बनवत नाहीत, त्या जखमेभोवती ते बनवू लागतात. माद्रिदच्या गार्सिया-सेगुरा यांच्या गटानं हे १९९९ मध्ये दाखवलं. म्हणजे मार बसल्यावर मेंदू स्वतःच स्वतःसाठी इस्ट्रोजेन काढायला घेतो. मी पहिल्यांदा हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा जेवायला जायचं विसरलो होतो.

संशयात्मा | बुधवार, दुपारी १:१०

उंदरांचं कौतुक झालं असेल तर माणसांकडे या. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाची प्रचंड चाचणी झाली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाची नक्कल) यांच्या जोडगोळीचा भाग २००२ मध्ये मधेच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग, लकवा, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. तिच्याच पोटात स्मरणशक्तीचा अभ्यास होता. ६५ च्या वरच्या ४,५३२ बाया. गोळी घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, औषध नसलेली नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २१ जणींना. हे २००३ साली छापून आलं. वाचवणं राहिलं बाजूला, दुप्पट झालं!

त्याआधी वर्षानुवर्षं "चिरतारुण्य" म्हणून हीच गोळी विकली. आणि ती बनायची कशापासून, तर गाभण घोडीच्या मुतापासून. धागाकर्त्या ताईंनी आईवर प्रयोग करू नये ही विनंती.

पेशीनामा | बुधवार, रात्री ८:४५

संशयात्मा, आकडे बरोबर आहेत आणि ते इथे यायलाच हवे होते. आमच्या क्षेत्राला २००३ मध्ये मुस्काटात बसली होती.

पण त्या बायांची वयं पाहा. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं, काहींना त्याहून जास्त झालेली. एवढी वर्षं मेंदू इस्ट्रोजेनशिवाय राहिलेला आणि मग एकदम गोळी. शिवाय गोळीतलं प्रोजेस्टिन वेगळं, कृत्रिम. मग वाइज यांच्या गटानं २००७ मध्ये उंदरांत हेच तपासलं. अंडाशयं काढल्यावर लगेच इस्ट्रॅडिओल दिलं तर मेंदू वाचला. दहा आठवडे कोरडे काढून मग तेच, तेवढंच दिलं, तर काही उपयोग नाही. दहा आठवडे म्हणजे उंदराच्या आयुष्यातला मोठा काळ.

बोंडअळी | बुधवार, रात्री ९:०२

म्हंजे कपाशी हिरवी हाय तवरच ओलीत. वाळली का मंग मोटर दिवसभर चालवा.

पेशीनामा | बुधवार, रात्री ९:२०

जवळपास. फक्त वाळलेल्या पऱ्हाटीला पाणी दिलं तर पाणी वाया जातं, एवढंच. त्या चाचणीतल्या बायांत उशिरा दिल्यानं नुकसान झालं. रॉबर्टा ब्रिंटन या संशोधिकेचं म्हणणं असं की इस्ट्रोजेन निरोगी पेशीला मदत करतं, पण पेशी आधीच कॅल्शियमनं बेजार असेल तर तेच तिला आणखी ढकलतं. यात ग्राही कमी होत जातात का, रक्तवाहिन्यांच्या भिंती आधीच खराब झालेल्या असतात का, याची वादावादी अजून चालू आहे.

आणि उलट बाजूनंही प्रामाणिक राहतो. "वेळेवर दिलं तर बुद्धी वाढते" असंही नाही. पाळी नुकतीच गेलेल्या बाया घेऊनही अमेरिकेत कीप्स आणि एलीट या दोन चाचण्या झाल्या. त्यांचे स्मरणशक्तीचे निकाल २०१५ आणि २०१६ मध्ये आले. नुकसान नाही, पण फायदाही नाही. उंदराचा मेंदू वाचवणारी कितीतरी औषधं माणसात तोंडघशी पडली आहेत. डोक्याला मार लागलेल्यांना प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिलं, २०१४ मध्ये तेही फसलं.

ताईंच्या प्रश्नाला लागू पडणारा अभ्यास वेगळाच आहे. मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांनी मिनेसोटातल्या एका काउंटीतल्या बाया घेतल्या. १९५० ते १९८७ या काळात, पाळी जाण्याआधी, ज्यांचं एक किंवा दोन्ही अंडाशयं काढलं होतं अशा. म्हातारपणी त्यांची विस्मृती, स्मृतिभ्रंश तपासला आणि न काढलेल्यांशी ताडला. २००७ मध्ये निकाल आला. काढलेल्यांत धोका सुमारे दीडपट. जितक्या कमी वयात काढलं तितका जास्त. आणि दोन्ही अंडाशयं गेलेल्यांपैकी ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं होतं, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही.

हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही. शिवाय दीडपट म्हणजे प्रत्येकीला होतं असं मुळीच नाही. बहुतेकींना काही होत नाही. तरी अंडाशयं ही "आता काय कामाची" वस्तू नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

उपकेंद्र_३१_वर्षं | गुरुवार, सकाळी १०:३०

मी नर्सबाई. निवृत्त. ३१ वर्षं उपकेंद्रावर काढली, यवतमाळ जिल्ह्यात. तुमचं उंदरांचं अर्धंच समजलं, पण पिशवीचं मला पुस्तकाशिवाय माहीत आहे.

बाई येते, पदर तोंडावर धरून सांगते, "अंगावरून पांढरं जाते, कंबर दुखते." चार दिवसांच्या गोळ्यांत बरं होण्यासारखं असतं पुष्कळदा. पण वेचणीच्या, सोंगणीच्या दिवसांत ती येतच नाही. मग दुखणं जुनं होतं, मग तालुक्याला खाजगीत जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि एकच वाक्य सांगितलं जातं, "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." दोन लेकरं झालेली असतात. नवरा म्हणतो काढून टाक एकदाचं. सासू म्हणते माझीही काढली. दर महिन्याची कटकट जाईल, मजुरी बुडणार नाही. माझ्या एका गावात एका आळीत सात बाया मोजल्या होत्या मी, सगळ्या चाळिशीच्या आत. अंडाशयं ठेवली का, हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. मीही विचारलं नाही कधी. ते आता खटकतं.

गडचिरोलीत राणीताई आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या होत्या. १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं ते. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगायचे तेव्हा आम्ही माना खाली घालायचो. एवढं दुखणं आणि एवढी चुप्पी असली की मग थेट ऑपरेशनच दिसते बाईला.

तूरदाळ | गुरुवार, दुपारी ४:१५

एक बाळबोध प्रश्न. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन असतं म्हणतात. आमच्याकडे सहा एकर सोयाबीन आहे आणि घरात एक दाणा खात नाही कोणी. सगळं मार्केटला, तिथून तेलगिरणीला, ढेप कोंबड्यांना. कोंबड्यांचा मेंदू वाचतोय आणि आमचा नाही असं आहे का?

पेशीनामा | गुरुवार, रात्री ९:३०

कोंबड्यांचं मी बोलत नाही 😄

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन नसतं, त्याच्यासारखे दिसणारे आयसोफ्लेव्होन असतात, जेनिस्टीन आणि डेडझीन. ते ग्राहीला चिकटतात पण फार दुबळेपणानं, आणि अल्फापेक्षा बीटाला जास्त. डेडझीनपासून काहींच्या आतड्यातले जंतू इक्वोल नावाचा जोरकस पदार्थ करतात, पण सगळ्यांच्या पोटात ते जंतू नसतात. अमेरिकेत ३५० बायांना अडीच वर्षं रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन देऊन पाहिलं. एकूण बुद्धीत फरक पडला नाही. २०१२ चा निकाल.

आपल्या जवसात लिग्नान असतात, तेही त्याच जातीचे. जवसाची चटणी भाकरीवर तेल टाकून खावी ती चवीसाठी. मेंदूचं औषध म्हणून नाही. सोयाबीन खायचं तर भिजवून, शिजवून किंवा चांगलं भाजून. कच्च्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो. प्रथिनासाठी खा, ते आपल्या बायांच्या ताटात कमीच असतं.

तूरदाळ | गुरुवार, रात्री ९:५०

आणि भाव? ढेपेचे भाव पडले म्हणून सोयाबीन पडलं, ते इस्ट्रोजेननं वाढतील का?

संशयात्मा | गुरुवार, रात्री १०:००

भावाचा धागा शेजारी आहे. तिथे जा.

ओपीडी_संपल्यावर | शुक्रवार, रात्री ११:१०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, अमरावती जिल्ह्यात. उशिरा पाहिला धागा. आमच्या व्यवसायावर वर जे लिहिलंय ते गिळायला कडू आहे, पण खोटं नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं अनावश्यक पिशव्या काढणं थांबवायला मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. म्हणजे गोष्ट तिथपर्यंत गेली.

काही वेळा काढावंच लागतं, हेही लिहून ठेवते. कर्करोग असेल, मोठी संशयास्पद गाठ असेल, घराण्यात स्तनाचा-अंडाशयाचा कर्करोग देणारं जनुक असेल, रक्तस्रावानं हिमोग्लोबिन पाचावर आलं असेल आणि दुसरे उपाय हरले असतील. माझ्या टेबलावर अशा बाया येतात आणि मी काढते. नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी, कंबरदुखीसाठी मात्र नाही. आणि पिशवी काढायला कारण असलं तरी तिशी-पस्तिशीतली चांगली अंडाशयं सोबत काढायला वेगळं कारण लागतं. "उघडलंच आहे तर" हे कारण होत नाही. अंडाशयं ठेवूनही पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं, कारण त्यांचा काही रक्तपुरवठा पिशवीच्या बाजूनं येतो. तरी ठेवलेली बरी.

कमी वयात दोन्ही गेलेल्या बाईला, इतर अडथळा नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, पन्नाशीपर्यंत धरा, इस्ट्रोजेन देतात. ते हाडांसाठी, हृदयासाठी, वाफांसाठी, आणि हो, मेंदूसाठीही. संशयात्मा यांनी सांगितलेली चाचणी या बायांवर नव्हती. घोडीचं म्हणाल तर आता मानवी इस्ट्रॅडिओलसारखंच, वनस्पतींपासून बनवलेलं मिळतं, कातडीवर लावायच्या जेलमध्येही.

ताई, तुमच्या आईला आता ५४ व्या वर्षी, वीस वर्षांच्या खंडानंतर, विसरण्यासाठी म्हणून हे सुरू करू नये. नुसता स्मृतिभ्रंश टाळायला म्हणून ते कोणालाच देत नाहीत. स्तनाचा कर्करोग, पायात गुठळी, लकवा, यकृताचा आजार झालेला असेल तर अजिबातच नाही. कोणी मेडिकलवाल्याकडून आणून दिलं तर घेऊ नका.

मात्र "आता काही होत नाही" असं समजून बसू नका. ५४ व्या वर्षी विसरणं वाढलं तर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आधी बघतात. झोप आणि मन विचारतात. आपल्याकडे बायांत बी-१२ कमी असणं फार सापडतं, आणि ते सुधारतं. लवकर पाळी गेलेली, म्हणून हाडांची घनताही बघून घ्या. हे सगळं झाल्यावर लागलं तर मेंदूच्या डॉक्टरांकडे. क्रम उलटा करू नका, एमआरआयपासून सुरुवात करणारे पुष्कळ आहेत.

जवसफूल | रविवार, संध्याकाळी ७:३०

कागद सापडला.

आईच्या पेटीत लग्नातला शालू, खाली युरियाच्या पोत्याचा कापलेला तुकडा, त्यात सातबाराचे उतारे, माझी दहावीची मार्कलिस्ट आणि दवाखान्याचं कार्ड. घडीवर शाई फुटलेली. तक्रार या रकान्यात लिहिलंय, पोटात दुखणं, पांढरं जाणं, सहा महिने. शस्त्रक्रिया या रकान्यात टीएएच विथ बीएसओ. मी शोधलं. टीएएच म्हणजे पोट उघडून पिशवी काढणं, बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंची अंडाशयं काढणं, नळ्यांसकट. खाली प्रयोगशाळेचा पिवळा कागद पिनेनं लावलेला. गर्भाशयमुखाला जुनी सूज, अंडाशयं दोन्ही सामान्य.

ती ओळ मी किती वेळा वाचली सांगता येत नाही. सामान्य होती, ते काढल्यावर कळलं.

आई बाजूलाच तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "काय लिवलं व त्याच्यात?" मी सांगितलं, पिशवीसोबत अजून दोन गोष्टी काढल्या होत्या, त्या चांगल्या होत्या. तिनं शेंग खाली ठेवली नाही. म्हणाली, "मले तं पिशवीच सांगतली होती." मग थोड्या वेळानं, "दोनी?"

मी हो म्हटलं. ती सोलत राहिली.

तपासण्या झाल्या काल. बी-१२ बरंच कमी निघालं, थायरॉइडही वर-खाली आहे. इंजेक्शन सुरू केलं. सगळं विसरणं त्यानंच होतं की नाही, ते तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले. काट्यावर मी सध्या वही घेऊन बसते. आई किलो सांगते, मी लिहिते, आणि संध्याकाळी ती तोंडी बेरीज करून माझी तपासते. काल माझी चुकली होती.

दुसरं असं. माझ्या वहिनीला, ३२ वर्षांची आहे, मागच्या महिन्यात तालुक्यात पिशवी काढायला सांगितलंय. पांढरं जातं म्हणून. तारीखही दिली होती, सोंगणी झाल्यावरची. दादाला हा सगळा धागा वाचून दाखवला. तो डीपीपर्यंत ऐकत होता, मग म्हणाला आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. पुढच्या आठवड्यात सेवाग्रामला नेतोय. तिथे काय विचारायचं?

ओपीडी_संपल्यावर | रविवार, रात्री १०:४०

आतून तपासणी आणि पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, झाली का, विचारा. नसेल तर आधी ते. संसर्ग असेल तर काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, म्हणजे दादाला सोबत न्याच. ऑपरेशन खरंच सुचवलं तर तीन प्रश्न: कशासाठी, त्याऐवजी काय करता येईल, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार. शेवटचं उत्तर संमतिपत्रावर मराठीत लिहून घ्या, सही त्यानंतर.

उपकेंद्र_३१_वर्षं | रविवार, रात्री १०:५५

आणि वहिनीला एकटीला बोलू द्या डॉक्टरजवळ. दादा बाहेर बसला पाहिजे पाच मिनिटं.

बोंडअळी | सोमवार, सकाळी ५:४०

आर्वीवरून पहिल्या यष्टीनं निघा, दुपारची वाट पाहू नोका. सोनोग्राफीचे जुने कागद सारे घ्या, पिशवीत नाई, फाइलमंदी. अन् माह्या बायकोचं बी कार्ड काढाले लावलं म्या काल. तिचं बी नाव "पिशवी"च हाय, सा वर्सं झाले. कागद भेटला का टाकतो इथं, तुमी वाचून सांगा.